"काही तक्रार आहे का?" हा प्रश्न चार सेकंदांचा असतो

एका तरुणाने मला विचारलं, "मी खासगी कंपनीत नोकरी करतो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पोलीस-कोर्टाशी आजवर संबंध आला नाही, पुढेही येणार नाही. मग मानवी हक्क, घटनेतली कलमं हे सगळं मी कशाला समजून घ्यायचं? वेळ आलीच तर वकील करू."

प्रश्न प्रामाणिक आहे आणि असं वाटणारे लाखो लोक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तालुक्याच्या कोर्टात २३ वर्षं वकिली करते आहे. त्यातली १५ वर्षं विधी सेवा समितीच्या पॅनेलवर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्या बाजूने सरकारी खर्चाने उभी राहते. "वेळ आली तर वकील करू" यातला "वेळ" हा शब्द मला खटकतो. आमच्यापर्यंत माणूस पोहोचतो तेव्हा ती वेळ बहुतेकदा उलटून गेलेली असते.

एक दुपार सांगते. सव्वाचार वाजलेले, बोर्ड म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी संपत आलेली, रिमांडचे, म्हणजे कोठडी मागण्यासाठी आणलेले आरोपी हजर करायला सुरुवात झाली. एकोणीस वर्षांचा मुलगा, विहिरीवरची मोटार चोरल्याचा संशय. तो चालत आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं की टाच टेकवत नाहीये. मी दुसऱ्या प्रकरणासाठी बसले होते, त्याचं वकीलपत्र कुणाचंच नव्हतं. न्यायाधीशांनी नाव विचारलं आणि पुढचा प्रश्न केला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" ज्या हवालदाराने त्याला आणलं तो हातभर अंतरावर उभा. मुलगा खाली बघत म्हणाला, "नाही साहेब." कागदावर उमटलं, तक्रार नाही. दोन दिवसांची पोलीस कोठडी. सगळं मिळून दीड मिनिट लागलं असेल.

दोन दिवसांनी ते प्रकरण पॅनेलवरून माझ्याकडे आलं. तळपायावर पट्ट्याने मारलं होतं. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर "ताजी जखम नाही" असं होतं, कारण चप्पल काढून कुणी बघितलंच नव्हतं. मारहाणीचा मुद्दा मी कोर्टात मांडला तेव्हा साहजिकच पहिला सवाल आला, विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? मी मुलाला बाहेर हेच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं चोरीची जी तक्रार आहे तिच्याबद्दल विचारतायत. म्हणून नाही म्हटलं."

त्याला प्रश्नच कळला नव्हता. कारण असा प्रश्न आपल्याला विचारला जाणार आहे, तो आपल्या बाजूचा आहे, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. दहावी झालेला मुलगा होता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मूलभूत हक्कांची यादी त्याने पाठ केली होती, परीक्षेत मार्कही मिळवले होते. यादी पाठ असणं आणि त्या चार सेकंदांत तोंड उघडता येणं यात फार अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसं अडकतात.

हा प्रश्न न्यायाधीश आपल्या मनाने विचारत नाहीत. त्यामागे मुंबईची गोष्ट आहे. शीला बर्से या पत्रकार महिलेने मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बर्सेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १९८३ साली निकाल दिला. महिलांना वेगळ्या कोठडीत ठेवायचं, तिथे पहारा महिला पोलिसांचाच हवा, आणि आरोपी हजर केला की न्यायाधीशाने त्याला कोठडीत छळ झाला का हे विचारायचं. शिवाय वैद्यकीय तपासणी करून घेण्याचा तुला हक्क आहे, हेही त्याला सांगायचं. हा दुसरा भाग गर्दीच्या दिवशी गळतो. आरोपीलाच तो माहीत असेल तर गळत नाही. "साहेब, मला डॉक्टरकडे पाठवा" एवढी चार शब्दांची ओळ तो म्हणाला तर ती नोंदवावी लागते.

पत्रांचा हा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. ओडिशात निलाबती बेहेरा नावाच्या आईचा बावीस वर्षांचा मुलगा डिसेंबर १९८७ मध्ये पोलिसांनी चौकीत नेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांजवळ सापडला. त्या बाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९९३ मध्ये सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यावी लागली, आणि कोठडीतल्या मृत्यूची किंमत सरकारने मोजायची हे तत्त्व पक्कं झालं. पश्चिम बंगालमध्ये विधी सेवा संस्थेचं काम करणारे डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणं जोडून सरन्यायाधीशांना पत्र पाठवलं. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, त्यावर निकाल आला आणि अटक कशी करायची याचे अकरा निर्देश मिळाले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा कागद जागेवरच व्हायला हवा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. नातेवाइकाला कळवायला हवं. अंगावरच्या जखमांची नोंद हवी. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी हवी. हे निर्देश प्रत्येक पोलीस ठाण्यात दिसेल अशा जागी लावायचे, असंही त्याच निकालात आहे. पुढच्या वेळी पासपोर्टच्या किंवा हरवलेल्या मोबाईलच्या कामाला ठाण्यात गेलात तर तो बोर्ड कुठे आहे ते बघा. मी पाहिलेल्या एका ठाण्यात त्याच्यासमोर लोखंडी कपाट होतं.

आता तुमच्या "अध्यात ना मध्यात" या शब्दांकडे येते. माझ्या पक्षकारांपैकी निम्म्यांनी हेच शब्द वापरलेले आहेत. भाड्याने दिलेल्या खोलीतला भाडेकरू फरार झाला म्हणून घरमालक चौकीत. भावाने पळून जाऊन लग्न केलं म्हणून धाकटा भाऊ चौकीत. आपल्या मोबाईलवरून दुसऱ्याने मेसेज पाठवला म्हणून कॉलेजचा पोरगा चौकीत. यातल्या कुणाचंच आधीचं रेकॉर्ड नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सराईत माणसाला अटकेचा कागद कुठला, मेडिकल कधी, हे चांगलं माहीत असतं. हक्कांच्या अज्ञानाची झळ सरळमार्गी माणसालाच जास्त बसते, हे मी रोज बघते.

यात सगळ्यात महत्त्वाचं घड्याळ. घटनेच्या कलम २२ प्रमाणे अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. हे घड्याळ कधी सुरू होतं, इथे खरी मेख आहे. सकाळी दहाला "जरा चौकशीला चला" म्हणून नेलं, रात्रभर बसवून ठेवलं आणि कागदावर अटक दाखवली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाची, तर कागदोपत्री सगळं नियमात. मधले बत्तीस तास कुठेच नसतात. हे तास सिद्ध करायचे तर घरच्यांनी त्या वेळी काहीतरी करून ठेवलेलं असावं लागतं. माझे सीनियर लोकांना सांगायचे, आधी पोस्टात जा आणि पोलीस अधीक्षकांना तार करा, मग माझ्याकडे या. तारेवर वेळेचा शिक्का असायचा. २०१३ मध्ये तार बंद झाली. आता मी सांगते, ११२ ला फोन करा, अधीक्षक कार्यालयाला ईमेल करा, वकिलाला मेसेज टाका: अमुक नावाच्या माणसाला अमुक वाजता अमुक गाडीतून नेलं. त्या मेसेजवरची वेळ पुढे कामाला येते. म्हणजे हे हक्क ज्याला नेलं त्याच्यापेक्षाही मागे राहिलेल्यांना माहीत असावे लागतात. आईला, बायकोला, खोलीवरच्या मित्राला. आत असलेल्या माणसाचा फोन तर पहिल्या पाच मिनिटांतच काढून घेतलेला असतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, मुळातले हक्क राहिले, काही ठिकाणी वाढले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची नसेल तर आधी लेखी नोटीस द्यायची असते. स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं आणि साठीच्या पुढची माणसं यांना साक्षीदार म्हणून जबाब द्यायला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच त्यांच्या घरी यायचं असतं. माझ्याकडे एक सत्तरीच्या आजी आल्या होत्या, शेजारच्या भांडणात साक्षीदार म्हणून तीन वेळा चौकीच्या बाकावर बसून आलेल्या. चौथ्या वेळी फोन आला तेव्हा त्यांच्या नातवाने शांतपणे सांगितलं, "साहेब, आजीचा जबाब घरी घ्या, कायद्यात तसं आहे." दुसऱ्या दिवशी हवालदार घरी आले, चहा घेतला, जबाब घेऊन गेले. भांडण नाही, आरडाओरडा नाही.

सहीबद्दल लोक सर्वात जास्त फसतात. तपासात पोलिसांनी साक्षीदाराचा जो जबाब लिहून घेतलेला असतो त्यावर सही घ्यायचीच नसते. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे तर घटनेच्या कलम २० मध्येच आहे. तरी कोऱ्या कागदावर सही करून आलेला माणूस मला महिन्यातून एकदा तरी भेटतो. का केली विचारलं की उत्तर ठरलेलं, "साहेब म्हणाले सही कर आणि घरी जा."

महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायची, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तरी. हे दोन तास वकिलासाठी फार मोठे आहेत. आदिवासी पाड्यावरून आणलेल्या माणसाला मराठीही धड समजत नसेल तर त्याला कळेल अशा भाषेत तो कागद मागता येईल. पण मागणार कोण? हा हक्क आहे हे माहीत असणाराच मागेल.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याप्रमाणे कोठडीतला माणूस, कुठलीही स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग व्यक्ती, कारखान्यातला कामगार या सगळ्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बायकांना तर नेहमी वाटतं की नवऱ्याचा पगार जास्त आहे म्हणून आपल्याला मिळणार नाही. मिळतो. प्रत्येक तालुका कोर्टाच्या आवारात कार्यालय असतं, आणि १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो.

एक आक्षेप मला सतत ऐकू येतो, शिकलेल्या माणसांकडून जास्तच: मानवी हक्क म्हणजे गुन्हेगारांचे लाड. बलात्कार, खून यांच्या बातम्या वाचून रक्त उसळतं, मला ते समजतं. मीही मुलींची आई आहे. पण हा गुन्हेगार आहे हे ठरवलं कुणी आणि कधी? देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. त्यातले कितीतरी पुढे निर्दोष सुटतात, तोवर नोकरी गेलेली, जमीन गहाण पडलेली, बहिणीचं लग्न मोडलेलं असतं. नव्या संहितेत पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले लोक त्यातून वगळले आहेत. तरीही आपला एक तृतीयांश काळ कधी भरला, याचा हिशेब आत बसलेल्या माणसाच्या घरच्यांनी ठेवलेला बरा असतो.

आणि मानवी हक्क आरोपीपुरते नाहीतच. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ मध्ये जी व्याख्या आहे तिच्यात चार शब्द आहेत: जीवित, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा. ज्या बाईची फिर्याद ठाण्यात घेत नाहीत तिचाही हा विषय आहे. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर दिली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितलं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावी लागते आणि तिची प्रत फुकट द्यावी लागते. घेतली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही काही झालं नाही तर न्यायाधीशांकडे. "हद्द आमची नाही" हे ऐकून परतलेल्या बायका मी किती पाहिल्या असतील.

कागदावरचा हक्क कुणी वापरायला गेलं नाही तर त्याचं काय होतं, हे आपल्याला महाडने दाखवलं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी कुणाची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावात जीव आला. परतताना लोकांना मार खावा लागला, आणि कोर्टातली लढाई थेट उच्च न्यायालयात १९३७ ला संपली. आधी तिथे जाणं, मग दहा वर्षं टिकून राहणं.

गावकीचा आणि जातपंचायतीचा जाच हा याच प्रकारचा प्रश्न आहे. कोकणातल्या एका वाडीतलं कुटुंब माझ्याकडे आलं होतं. पाच वर्षं वाळीत. लग्नाची पत्रिका नाही, पालखी दारात थांबत नाही, वडील वारले तेव्हा खांदा द्यायला शेजारचं कुणी आलं नाही, चार जण तालुक्याहून बोलवावे लागले. त्यांना वाटत होतं हा देवाधर्माचा, गावाचा मामला आहे, यात कोर्ट काय करणार. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केलेला आहे, तो जुलै २०१७ पासून लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे मी सांगितलं तेव्हा त्या घरातली सून रडायलाच लागली. ती म्हणाली, "म्हणजे आमचं चुकलं नव्हतं." पाच वर्षं त्या बाईला वाटत होतं की चूक आपलीच आहे. हक्क माहीत नसला की माणूस अन्यायाला स्वतःचं नशीब किंवा स्वतःचा दोष समजू लागतो. हे नुकसान कुठल्याही भरपाईच्या आकड्यात बसत नाही.

एका सावधगिरीचं बोलते. "मानवाधिकार" असं ठळक अक्षरांत छापलेली ओळखपत्रं आणि गाडीवरच्या पाट्या पैसे घेऊन वाटणाऱ्या संघटना गावोगाव आहेत. जिल्हाध्यक्षपदासाठी पाच-दहा हजार भरलेले लोक मला भेटलेत. अशा कार्डाने कुणालाही कसलाही सरकारी अधिकार मिळत नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला फी लागत नाही, मध्यस्थ लागत नाही, वकीलही लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं. घटनेपासून एक वर्षाच्या आत मात्र लिहावं लागतं. आयोग शिफारस करतो, कोर्टासारखा हुकूम देत नाही, हेही लक्षात ठेवून जावं.

आणि माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत द्यावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षीचं एक प्रकरण सांगून थांबते. ऊसतोडीच्या टोळीतला ट्रॅक्टर चालवणारा मुलगा, त्याला डिझेलचोरीच्या संशयावरून फडातूनच उचलला. घरी अकरावीतली बहीण. तिच्या कॉलेजात आम्ही विधी सेवेचं शिबिर घेतलं होतं. पाऊण तास बोलले असेन, पोरं कंटाळली होती, मागच्या बाकावर कुजबुज चालली होती. पण तिने एक गोष्ट पकडून ठेवली होती, ती घड्याळाची. भावाला नेल्याचं कळताच तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्या तारखेच्या चौकोनात पेनाने लिहिलं: "सकाळी ११.१०, पांढरी जीप", पुढे गाडीचा नंबर, खाली मुकादमाची सही. मग शेजाऱ्याच्या फोनवरून ११२ ला फोन केला आणि तो किती वाजता केला तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलिसांनी मुलाला हजर केलं. कागदावर अटकेची वेळ हजर केलं त्याच दिवशी दुपारी तीनची होती. मी ते कॅलेंडरचं पान पुढे ठेवलं. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं, तपास अधिकाऱ्याला ठाण्याची डायरी आणायला सांगितलं, आणि मुलाला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?"

त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "आहे साहेब. मला डॉक्टरकडे पाठवा."

पोलीस कोठडी मिळाली नाही. ग्रामीण रुग्णालयातून जखमांची नोंद झालेला कागद त्याच रात्री आला. चोरीचा खटला अजून चालू आहे, तारखा पडतायत, काय निकाल लागेल ते पुराव्यावर ठरेल. ते कॅलेंडरचं पान मात्र त्या फाइलमध्ये लावलेलं आहे, एका कोपऱ्यात दुधाच्या हिशेबासकट.